बत्तिसावं पान

उलटंच वाचलं मी त्या बाईचं आयुष्य,
डोकं खाली, पाय वर,
स्टिकमध्ये खिळे उभे राहतात तसं.
अमळनेर, बोरीकाठची गल्ली, मे महिना,
गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेलेला.

अत्तरदेबाई कागद घेऊन आल्या.
पोरांचं पुस्तक, बत्तीस पानी,
जर्मनमधून सरळ मराठीत.
जर्मन त्या पुण्याला शिकल्या होत्या,
इथे कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या.
शेवटच्या पानावर लेखिकेची ओळख :
रोसवीथा क्लॉप्फर.
म्हटलं, बाई, हा प्फ माझ्या केसमध्ये नाही.
प आहे, फ आहे,
त्यांची सोयरीक कुणी जुळवलेली नाही.
मग कानशीने घासला एका प चा दांडा,
टेकवला फ ला.
नीट बघाल तर तिच्या नावात फट दिसते अजून.

बाप कोळसा विकायचा.
तिचं पहिलं चित्र गोदामाच्या भिंतीवर,
पहिला मार त्याच चित्रासाठी.
"मग लढाई झाली."
बाईंनी एका ओळीत उरकलं होतं,
मीही एका ओळीत बसवलं.
पुढे अकरा वर्षं ती स्टेशनावर
हरवलेल्या सामानाच्या खोलीत कारकून.
छत्र्या, एक कुबडी, पत्र्याचे डबे,
आणि लहान मुलांचे बूट,
ज्यांच्यासाठी कुणीच आलं नाही.
दार लावून घेतल्यावर ती
बुटात हात घालून बघायची
पाय केवढा असेल,
आणि त्या पायाला
एक गोष्ट शिवायची.

पेटी नंबर बावीसमध्ये राहणारी चिचुंद्री,
रोज रात्री एक वस्तू
ज्याची त्याला नेऊन देणारी,
ती तिथलीच.
मूळात कुठला भलताच प्राणी होता म्हणे.
बाई म्हणाल्या, आपल्या पोरांना चिचुंद्री कळते,
वास येतो लगेच.

एकविसाव्या पानावर
बर्फात उमटलेली तिची पावलं,
आणि इकडे पारा पंचेचाळीसवर,
सरस-काकवीचे रूळ विरघळून
मशीनवर गुळासारखे ओघळलेले.
बर्फ छापायला रात्र व्हावी लागली.
ओल्या गोणपाटाखाली रूळ ठेवून
दीड वाजता ट्रेडल मारला.
धाकटी कोकिळा स्टुलावर चढून
प्रूफ धरून उभी, झोप डोळ्यांत.
"आबा, हाई कोन शे?"
मी म्हटलं, बूटवाली.

पान बसेना. सहा ओळी जास्त.
बाईंनी लाल पेन्सिल माझ्याच हातात दिली.
मी बक्षिसं काढली, तिन्ही.
सोन्याचं पदक काढलं.
परदेश दौऱ्याची ओळ काढली.
तरी एक उरली, नवऱ्याची.
बाई जरा थांबल्या,
पदराने चष्मा पुसला,
म्हणाल्या, जाऊ द्या.
बूट ठेवले.

छपाई झाली की खिळे सोडवायचे,
ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे.
दुसऱ्या दिवशी चिचुंद्रीतला चि
पारोळ्याच्या लग्नपत्रिकेत गेला,
चि. सौ. कां. च्या आधी.
बर्फाचा ब कुठे गेला आठवत नाही,
बहुधा केळीच्या बियाणाच्या जाहिरातीत.

एकच खिळा मला छळतो.
"जन्म १९०९", पुढे आडवी रेघ,
आणि रेघेपुढे कोरा.
कोरा खिळाही शिशाचाच असतो,
हाताला तेवढाच जड लागतो,
फक्त उंचीला बसका,
म्हणून शाई त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बाई गेल्या त्याला बारा वर्षं झाली.
ट्रेडल भंगारात, किलोच्या भावात.
परवा वाचनालयात ते पुस्तक मागून घेतलं,
शेवटचं पान उघडलं.
रेघेपुढच्या जागेत कुण्या पोराने
पेन्सिलने चिचुंद्री काढलीय,
शेपूट पानाबाहेर गेलेली.
ग्रंथपाल म्हणाला, खोडू का, आबा?
मी पुस्तक मिटलं.